दहा मिनिटांचं सॉसेज

रविंद्र खिल्लारे यांचं आजवर जे जे नुकसान झालं, ते "त्यात काय अवघड हाय" या वाक्यापासून सुरू झालं. ऑफिसात ते हे वाक्य चुकूनही उच्चारत नसत. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या कारकुनाला एवढं नक्की कळतं, की काम सोपं म्हटलं की ते आपल्याच टेबलावर येऊन बसतं. त्यामुळे धरणापासून टाचणीपर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांच्या मते अवघड, पाहावी लागेल अशी आणि वरिष्ठांना विचारून सांगतो अशी असे. "त्यात काय अवघड" हे त्यांनी घरासाठी राखून ठेवलं होतं, आणि घरातही ज्या कामाला आपण कधी हात लावलेला नाही अशाच कामासाठी.

दोन हजार सहा साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई यांना मुख्याध्यापिकेची बढती आली. शाळा गोरेगावला. हिंगोलीहून रोज जीपच्या मागच्या बाकावर बसून जायचं आणि तसंच परत यायचं, हे काही पन्नाशीतल्या बाईला झेपणारं नव्हतं. तिथं खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, एवढाच मार्ग होता. सोमवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं.

अशी बढती त्यांना पूर्वीही एकदा आली होती. तेव्हा "शीतल लहान आहे" या कारणानं त्यांनी ती नाकारली. आता शीतल हैदराबादेत एका औषध कंपनीत नोकरीला लागली होती. म्हणजे घरात लहान असे एकटे खिल्लारेच राहिले होते.

"मी गेल्यावर तुमी काय खाताल?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"करीन की कायबी. त्यात काय अवघड हाय."

बाई हातातली मेथी निवडायच्या थांबल्या. त्या सत्तावीस वर्षं मराठी शाळेत शिकवत होत्या आणि पाढा न येता हात वर करणारं पोरगं त्यांना लांबून ओळखू येत असे. त्या शांतपणे म्हणाल्या, "ऐतवारी चहा सोडून एक पदार्थ करून दाखवा. मी उठणार न्हाई, सांगणार न्हाई. केलात, तर सोमवारी मी होय म्हणून येते."

"आणि नाही जमला तर?"

बाईंनी पुन्हा मेथी निवडायला घेतली.

इथं कोणाही शहाण्या माणसानं पिठलं केलं असतं. खिल्लारेंनीही आधी पिठल्याचाच विचार केला होता. पण त्यांच्यातला कारकून जागा झाला. पिठलं बिघडलं तर ते बिघडलंय हे लहान लेकरालाही कळतं, कारण पिठलं कसं असावं याबद्दल साऱ्या जिल्ह्याचं एकमत आहे. म्हणजे असा पदार्थ हवा, जो हिंगोलीत कोणी खाल्लेला नाही. ज्या कामाला पूर्वीचा दाखलाच नाही, त्यावर हरकत घेणार कोण? हा विचार त्यांना इतका पटला, की त्याच संध्याकाळी टीव्हीवर तो पांढऱ्या टोपीतला माणूस दिसला तेव्हा त्यांना तो आपल्यासाठीच पाठवलेला वाटला.

टोपीवाला हसत हसत हिंदीत सांगत होता, की हा स्पेन देशाचा पदार्थ. सॉसेजचे तुकडे करायचे, ऑलिव्हच्या तेलात लसणाबरोबर परतायचे, लाल तिखट घालायचं, वरून रेड वाइन ओतायची, भक्कन जाळ झाला की खाली उतरवायचं आणि पावाच्या तुकड्याबरोबर खायचं. तिकडं संध्याकाळी मित्रमंडळी जमली की असं थोडंथोडं खातात, त्याला म्हणतात तापास. अवघी दहा मिनिटं. भाकरी थापायची नाही, कांदा परतायचा नाही, वाटण नाही. खिल्लारेंना स्पॅनिश लोकांबद्दल एकदम आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटकाकडे गेले. सॉसेज म्हणजे काय हे त्यांनी त्याला जमेल तेवढ्या अदबीनं समजावून सांगितलं, की खिमा असतो आणि तो आतड्यात भरलेला असतो. खाटकानं आतडीही समोर ठेवली आणि खिमाही ठेवला, आणि भरायचं काम तुमचं तुम्ही बघा म्हणाला. खिल्लारेंनी त्या आतड्यांकडे पाहिलं, आतड्यांनीही त्यांच्याकडे पाहिल्यासारखं वाटलं, आणि ते काही न घेता घरी आले. मग त्यांनी शीतलला फोन लावला. लेकीनं आधी आईची तब्येत विचारली, मग बापाची विचारली, आणि दोन्ही ठीक आहेत अशी खात्री झाल्यावर सॉसेजची दोन पाकिटं पाठवायचं कबूल केलं. हैदराबादेत चिकनची सॉसेजं बर्फात ठेवलेली मिळतात. शुक्रवारी संध्याकाळी नागपूरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे ती खोका देणार होती. गाडी हिंगोलीत येत नव्हती. वारंगा फाट्यावरून सरळ निघून जायची. तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलात खोका ठेवायचा आणि बाबांनी शनिवारी सकाळी जाऊन तो घ्यायचा, असं ठरलं.

राहिलं तेल आणि राहिली वाइन. तेल मेडिकल दुकानात मिळालं. बाटलीवर एका गुटगुटीत लेकराचं चित्र होतं आणि ते लेकरू उघडं होतं. खिल्लारेंना हे थोडं खटकलं, पण नाव ऑलिव्हचंच होतं आणि दुकानदार म्हणाला की हिंगोलीत ऑलिव्हचं तेल म्हणून हेच खपतं. ते कुठं खपतं, हे खिल्लारेंनी विचारलं नाही.

वाइनचं प्रकरण मात्र नाजूक होतं. खिल्लारे पाच शीलं मानणारे गृहस्थ. प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसून त्यांनी मद्य न घेण्याचं पाचवं शील मोठ्यानं म्हटलेलं, आणि ते आजवर पाळलेलंही. कढईत ओतलेली वाइन ही प्यायलेली वाइन धरायची की नाही, हा प्रश्न त्यांनी दोन दिवस मनात घोळवला. शेवटी भक्कन जाळ झाल्यावर तिच्यातलं मादक ते जळून जातं, असा निर्णय त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिला. मग ते शेजारच्या रूपसिंग राठोडकडे गेले.

रूपसिंग दारूबंदीच्या खात्यात शिपाई होता आणि नुकताच निवृत्त झाला होता. नोकरीत असताना तो फारसं बोलत नसे. निवृत्तीनंतर मात्र साऱ्या गल्लीला कायदा शिकवायचं त्यानं मनावर घेतलं होतं. खिल्लारेंनी विषय काढताच त्यानं बायकोला, नानीबाईला, चहा टाकायला सांगितला आणि प्यायचा परवाना वेगळा, बाळगायचा वेगळा, विकायचा वेगळा, इथून सुरुवात केली. परवान्याला तब्येतीचं कारण लागतं. तब्येतीच्या कारणाला डॉक्टर लागतो. परवाना पिणाऱ्याच्या नावावर असतो, आणि इथं पिणारी तर कढई. कढईच्या नावावर परवाना निघाल्याचं त्याच्या उभ्या नोकरीत एकही उदाहरण नव्हतं. चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि खिल्लारेंना कळून चुकलं की वाइन मिळेस्तोवर सोमवारच काय, पावसाळाही उलटून जाईल.

हे सगळं बोलणं ओट्यावर चाललं होतं, त्यामुळे समोरचे उकंडराव येऊन बसणार हे उघडच होतं. उकंडराव तहसीलमधून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, आणि पोटाच्या विकारांवर त्यांचा अधिकार मोठा. त्यांना ऐकू थोडं कमी यायचं.

"तापास काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

खिल्लारे म्हणाले, की तापास हा पदार्थ आहे.

"ते कळलं. तापास पेज द्यावी. पण ताप कुणाला आलाय?"

ताप कोणालाच आला नाही, हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. पटल्यावर त्यांनी वाइनची अडचण नीट समजून घेतली आणि डोळे मिटून विचार केला. वाइन म्हणजे शेवटी द्राक्षांचा रस आंबवलेला. मग आपलं द्राक्षासव काय वेगळं आहे? आयुर्वेदातलं आहे, भूक लागते, पोट साफ राहतं. परवाना लागत नाही, आणि माळकऱ्यालाही चालतं. ते स्वतः गेली कित्येक वर्षं रोज जेवणानंतर दोन चमचे घेत होते आणि घेतल्यावर फार प्रसन्न वाटतं असं म्हणत होते. रूपसिंगनं कायद्याच्या अंगानं विचार केला आणि द्राक्षासव हे औषध आहे असा निर्वाळा दिला. उकंडराव घरात जाऊन बाटली घेऊन आले. खिल्लारेंना त्या क्षणी दोघांबद्दल इतकी कृतज्ञता वाटली, की रविवारी चव घ्यायला या, असं ते बोलून गेले. आपल्या अपमानाला साक्षीदार आपणच बोलावतोय, हे माणसाला त्या वेळी कळत असतं तर जगात पाहुणे उरलेच नसते.

शनिवारी सकाळी खिल्लारे एसटीनं वारंगा फाट्याला निघाले. गाडी वाटेत पंक्चर झाली. फाट्यावर उतरून ते हॉटेलात पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं आणि खोका तिथं नव्हता.

हॉटेलवाला भला माणूस होता, आणि खिल्लारेंवर पुढं जे ओढवलं ते सगळं त्याच्या भलेपणामुळेच. शीतल औषध कंपनीत असल्यामुळे तिनं सॉसेजं तिथल्याच एका रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यात भरली होती. त्या खोक्यावर लाल अक्षरात लस आणि थंड ठेवा असं छापलेलं होतं, आणि बर्फाचं पाणी पाझरत होतं. दुसऱ्या दिवशी पोलिओचा रविवार. हॉटेलवाल्याला वाटलं, कोणीतरी पोरांची लस इथं विसरून गेलं. उन्हात ती खराब झाली तर किती लेकरं पांगळी होतील या विचारानं त्याच्या जिवाचं पाणी झालं. आरोग्य केंद्राची जीप डिझेलला थांबली होती. त्यानं धावत जाऊन खोका जीपमध्ये ठेवला. हे सांगताना त्याचा ऊर भरून आला होता. खिल्लारेंनी त्याचे आभार मानले.

आरोग्य केंद्र आतल्या बाजूच्या एका गावात होतं. खिल्लारे काळीपिवळी जीपच्या टपाला डोकं आपटत तिथं पोचले. तिथं पंचफुला सिस्टर उद्याच्या तयारीत होत्या. बाई कामाला वाघीण. आलेला खोका त्यांनी उघडूनही पाहिला नव्हता, तसाच लशीच्या फ्रीजमध्ये ठेवून कुलूप घातलं होतं. खिल्लारे म्हणाले की तो खोका माझा आहे. सिस्टरनी विचारलं, तुमी कोण्या केंद्राचे? खिल्लारे म्हणाले, पाटबंधारे खातं. सिस्टरनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"त्यात लस नाही हो, सिस्टर."

"मंग काय हाय?"

"कोंबडीचं हाय."

"कोंबडीची लस इथं काहून आली? ती जनावराच्या दवाखान्यात जाती."

"लस न्हाई. नुसती कोंबडी हाय."

सिस्टर खुर्चीवरून उठल्या. त्या वर्षी कोंबड्यांच्या रोगाची धास्ती साऱ्या राज्यानं घेतली होती. लोक अंड्याकडेही संशयानं बघत होते. अशा दिवसांत, पोलिओच्या आदल्या दिवशी, लशीच्या फ्रीजमध्ये परगावाहून आलेली कोंबडी आहे हे ऐकल्यावर सिस्टरनी बाहेर बसलेल्या बायाबापड्यांना आधी अंगणात काढलं. खिल्लारेंनाही अंगणात काढलं, पण इतरांपासून लांब, कडुलिंबाखाली. डॉक्टर कळमनुरीला मीटिंगला गेले होते. ते आल्याशिवाय कुलूप उघडणार नव्हतं. लिंबाखाली बसलेल्या माणसाला काय झालंय, हे बायका एकमेकींना विचारत होत्या, आणि प्रत्येक वेळी उत्तरात त्यांचा आजार थोडा वाढत होता. एका म्हातारीनं दुरूनच पाण्याचा तांब्या सरकवून दिला आणि रिकामा तांब्या परत घेतला नाही.

ऊन उतरताना डॉक्टर आले. तरुण पोरगा होता, मुंबईकडचा. फ्रीज उघडला, खोका उघडला, आणि आत पाकिटात ओळीनं ठेवलेली गुलाबी बोटांसारखी सॉसेजं दिसताच बाहेरून डोकावणाऱ्या बायकांत एक चीत्कार उठला. डॉक्टर मात्र कितीतरी वेळ सॉसेजांकडे बघत राहिले. हे खाऊन आपल्याला दीड वर्ष झालं, असं ते हळू आवाजात म्हणाले. खिल्लारेंनी त्यातलं एक पाकीट त्यांना देऊन टाकलं. दिवसभरात त्यांच्याशी माणसासारखं बोललेला तो एकटाच होता.

निघताना डॉक्टरांनी बजावलं की सध्या दिवस वाईट आहेत, चांगलं शिजवून खा. सिस्टरनीही तेच बजावलं, आणि तीन शिट्ट्यांशिवाय तोंडात घालू नका म्हणाल्या. परतीच्या एसटीत खोक्यातलं पाणी शेजारच्या प्रवाशाच्या तुरीच्या पोत्यावर गळलं. त्यावरून झालेलं बोलणं इथं सांगण्यासारखं नाही. एवढंच, की खिल्लारे हिंगोलीपर्यंत उभे आले.

रविवार उजाडला. सत्यशीलाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि हाताची घडी घालून बसल्या. रूपसिंग आणि उकंडराव बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. उकंडराव खाणार नव्हते, पण द्राक्षासव त्यांचं होतं, आणि आपल्या औषधाचा गुण बघायला आलो असं ते सांगत होते. खिल्लारेंनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. त्याच वेळी लाइट गेली. ती त्या काळी रोजच जात असे, तिला दोष देण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न कुकरचा होता. टोपीवाल्यानं कुकर लावला नव्हता, पण टोपीवाल्याला पंचफुला सिस्टर भेटल्या नव्हत्या. खिल्लारेंनी सॉसेजं कुकरमध्ये घातली आणि शिट्टी कोणीकडून बसवायची हे शोधू लागले. बाईंचा उजवा हात जरा हलला, पण त्यांनी तो डाव्या हातानं धरून ठेवला. तीन शिट्ट्या झाल्या. खिल्लारेंनी भीतीपोटी आणखी तीन होऊ दिल्या. झाकण उघडल्यावर आत जे दिसलं ते सॉसेज राहिलेलं नव्हतं. काही फुटून उलटी वळली होती आणि काही फुगून चकाकत होती. ती का चकाकतायत, याचा विचार करायला हवा होता. त्या सॉसेजांना वरून प्लास्टिकचं पातळ आवरण होतं, आणि ते सोलून टाकायचं असतं असं पाकिटावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं. पण खिल्लारेंनी नोकरीभर बारीक अक्षरं वाचली होती, आणि रविवारी ते अशी अक्षरं वाचत नसत.

मग त्यांनी कढई चढवली आणि लेकराच्या बाटलीतलं तेल ओतलं. तेल तापलं तसा घरभर एक गोड, पावडरीसारखा वास पसरला. बाहेरच्या खोलीतून रूपसिंगनं विचारलं, की कोणाच्या घरी बारसं आहे का. लसूण घातला, तो बघता बघता काळा पडला. सॉसेजचे तुकडे घातले, ते तडतडून बाहेर उडाले आणि त्यातला एक बाईंच्या पायाशी येऊन पडला. त्यांनी तो पायानं हळूच बाजूला सारला. खिल्लारेंच्या कपाळावरचा घाम नाकावरून कढईत पडत होता. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. टोपीवाला हसत हसत करत होता ते सगळं त्यांनी रडवेल्या चेहऱ्यानं केलं, आणि मग तो शेवटचा क्षण आला. त्यांनी द्राक्षासवाची बाटली तिरकी केली आणि टोपीवाल्यासारखी कढईही जाळाकडे तिरकी केली.

द्राक्षासव पेटलं नाही. कढईतलं तेल पेटलं.

जाळ वरच्या फळीपर्यंत गेला. खिल्लारे कढई तशीच हातात धरून उभे राहिले, कारण ती खाली ठेवावी की बाहेर न्यावी याबद्दल त्यांना काहीच सूचना नव्हती. रूपसिंग आग, आग म्हणत बाहेर पळाला आणि उकंडराव चष्मा शोधू लागले. सत्यशीलाबाई खुर्चीवरून उठल्या, कोनाड्यातली परात घेऊन कढईवर पालथी घातली, गॅस बंद केला, नवऱ्याच्या हातातून कढई काढून खाली ठेवली, आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या.

"येवढंच केलं मी," त्या म्हणाल्या. "बाकी तुमी करा."

बाकी काय राहिलं होतं? वाढायचं. खिल्लारेंनी परात काढली. काळ्या, गोड, द्राक्षासवातल्या लवंगांच्या वासाच्या पाकात सॉसेजचे तुकडे कोळशासारखे पडले होते. पाव कालचे होते. त्यांनी एका ताटलीत चार तुकडे मांडले, बाजूला पाव ठेवला, आणि ती ताटली बायकोसमोर नेली. आपला पदार्थ कोणी खाल्लेला नाही म्हणून तो बिघडला असं कोणाला म्हणता येणार नाही, हा त्यांचा एके काळचा विचार त्यांना आता आठवतही नव्हता.

बाईंनी एक तुकडा तोंडात घातला आणि चावू लागल्या. चावत राहिल्या. बाहेरून रूपसिंग परत आला आणि उकंडरावांना चष्मा सापडला. दोघेही दारात येऊन त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. बराच वेळ चावल्यावर बाईंनी दोन बोटांनी दातांतून प्लास्टिकची एक लांब पट्टी ओढून काढली, उजेडाकडे धरून पाहिली आणि ताटलीच्या कडेला नीट ठेवली.

खिल्लारेंना वाटलं, बढती गेली. एकदा लेकीपायी गेली होती, ती आता आपल्यापायी गेली. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर दुसरंच कोणीतरी बसणार आणि ही बाई निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या या ओट्यापाशी उभी राहणार. लहान लेकराला निदान मोठं होता येतं. ते होते तिथंच खाली बसले.

"नको म्हणून सांग उद्या," ते म्हणाले. "माझ्यानं होणार न्हाई."

"मला वाटायलं होतं, तुमी शिकलात की जाईन," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आता कळलं. तुमी शिकस्तोवर मी रिटायर होईन. म्हणून उद्याच होय म्हणून येते."

रूपसिंगनं मान डोलावली. कायद्याच्या दृष्टीनंही त्याला हे बरोबर वाटत होतं. उकंडराव पुढं होऊन खिल्लारेंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की शेवटी औषधाचा गुण आला. खिल्लारेंना जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त ते जिंकून मिळालं नव्हतं, आणि अशा मिळण्याचा आनंद कसा करतात, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

बाईंनी होय कळवलं. गोरेगावात शाळेजवळ एक खोली मिळाली. जाताना त्यांनी एक वळकटी, एक पिशवी आणि रॉकेलचा स्टोव्ह घेतला. जीप भरून यायची वाट बघत त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या, आणि खिल्लारे बाहेर उन्हात उभे राहून स्टोव्हला पिन आहे का, उशी घेतली का, असलं काहीतरी विचारत होते. त्या प्रत्येकाला हो म्हणत होत्या. जीप निघाली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, पदर सावरला. बाजूला बसलेल्या बाईला त्या काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या. एवढं खिल्लारेंना दिसलं.

संध्याकाळी नानीबाईनं निरोप पाठवला, की भाकरी इकडंच खायला या. गल्लीत तसं परस्पर ठरूनही गेलं होतं. सोमवार ते बुधवार राठोडांकडे, पुढं उकंडरावांकडे. एवढा सगळा अपमान सोसलेल्या माणसानं आणखी थोडा सोसायला काही हरकत नव्हती, पण खिल्लारेंना ते जमेना. जेवण झालंय असं त्यांनी कळवलं आणि दार लावून घेतलं. भिंतीपलीकडून भाकरी शेकल्याचा वास येत राहिला. त्यांनी एकदा चहा केला, मग आणखी एकदा केला.

दिवेलागण झाली आणि फोन वाजला. गोरेगावातल्या बूथवरून सत्यशीलाबाई बोलत होत्या.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं?"

"वरण-भात," खिल्लारे म्हणाले. खोटं बोललेलं बाईंना लगेच कळतं हे ठाऊक असल्यामुळे खिल्लारेंनी घाईघाईनं विचारलं, "तू काय केलंस?"

"कायच न्हाई केलं."

"म्हंजे?"

"दुकानातून मुरमुरे आणले. कांदा बी चिरला न्हाई, बुक्कीनं फोडला. पाय लांब करून बसले अन् खाल्ले." मागे बूथवर कोणीतरी रांगेत खोकत होतं. "लई गोड लागले."

आपल्या बायकोला एखादं जेवण गोड लागल्याचं तिच्या तोंडून कधी ऐकलं होतं, हे खिल्लारे आठवून पाहू लागले, आणि त्यांना काही आठवेना. दुसऱ्यांना गोड लागलं का, हे ती विचारायची, तेवढं आठवलं.

आपल्या घरी मुरमुरे असतात का, आणि असले तर कुठल्या डब्यात, हा प्रश्न त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो विचारला नाही. निवांत झोप, म्हणाले आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्टूल ओढलं आणि फळीवरचे डबे एका टोकापासून उघडायला सुरुवात केली.